गराजचा रिमोट दिवेलागणीनंतरच का रुसतो? सेल बदलण्याआधी हे तपासा

सलग तीन हिवाळे आमच्याकडे एकच तक्रार होती. नोव्हेंबर लागला की संध्याकाळी ऑफिसातून घरी यायचो, ड्राइव्हवेवर गाडी वळवून रिमोट दाबायचो, आणि गराजचं दार ढिम्म. पुन्हा दाबायचा, काच खाली करून हात बाहेर काढून दाबायचा, शेवटी गाडीतून उतरून पार दारापाशी जायचं, तेव्हा कुठे ते उघडायचं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात डिसेंबरच्या संध्याकाळी असं उतरावं लागणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. माझा उपाय ठरलेला होता, सेल बदलायचा. सेल बदलला की रिमोट लगेच चालायचा. दोन दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

(गॅरेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी दुरुस्त करणारा येतो. म्हणून घराला जोडून असलेल्या गाडीच्या खोलीला इथली मराठी मंडळी गराज म्हणतात. मीही तोच शब्द ठेवतो.)

मधल्या काळात नवा रिमोट आणला, त्याचंही तेच. एक दुरुस्तीवाला बोलावला. तो सकाळी अकराला आला, रिमोट दाबला, दार सुरळीत उघडलं. जाताना त्याने अख्खा ओपनर, म्हणजे दार उघडणारं मोटरचं यंत्र, बदलायचा सल्ला दिला आणि येण्याचे पैसे घेऊन गेला. त्याचा राग आला होता, पण आता कळतं की सकाळी अकराला त्यालाही काही सापडणं शक्य नव्हतं.

मूळ सापडलं ते बाबांमुळे. बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले होते. संध्याकाळचा चहा घेऊन ते पुढच्या खिडकीपाशी बसायचे, माझी गाडी कधी येते ते बघत. एक दिवस म्हणाले, “अरे, तू दिवेलागणीच्या आधी आलास की दार एका झटक्यात उघडतं. बाहेरचे दिवे लागले की मग तुझी कवायत सुरू होते.”

गराजच्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर दिवे आहेत. अंधार पडला की ते आपोआप लागतात. मी “असं कसं होईल बाबा, दिव्याचा आणि रिमोटचा काय संबंध?” म्हणून विषय सोडला. पण ते डोक्यातून जाईना. शेवटी शनिवारी दुपारी तीन वाजता दारापासून रस्त्याच्या दिशेने पावलं मोजत गेलो आणि थोड्याथोड्या अंतरावर रिमोट दाबला. एकतीस पावलांवरूनही दार चाललं. संध्याकाळी दिवे लागल्यावर तसाच पुन्हा गेलो, तर सहा पावलांच्या पुढे दार हलेना. स्टूल आणून दिव्यांतले दोन्ही बल्ब काढले आणि अंधारातच पुन्हा मोजत निघालो. तीस पावलं.

तेव्हा सेलचं कोडंही सुटलं. सेल मी नेहमी शनिवारी किंवा रविवारी दुपारी बदलायचो, दिवे बंद असताना. रिमोट चालायचा तो दिवस असल्यामुळे, श्रेय मात्र सेलला जायचं. आणि हे दर हिवाळ्यातच का? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात, साडेचारलाच अंधारून येतं. जूनमध्ये मी घरी येतो तेव्हा लख्ख ऊन असतं, दिवे लागलेलेच नसतात. थंडीला मी तीन वर्षं उगाच बोल लावला.

म्हणून माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे. रिमोट चालत नाही असं दिसलं की तो कधी चालत नाही हे आधी लिहून काढा. वेळ, अंतर, कुठला दिवा चालू होता, गाडीत कुठला चार्जर लावलेला होता. चार दिवस एवढं टिपलंत तर निम्मं काम झालं.

बल्ब असं का करतो

रिमोट बोलतो आणि छताला टांगलेला ओपनर ऐकतो. आपण सगळे संशय घेतो तो बोलणाऱ्यावर, कारण तो हातात असतो. पण ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणी गोंगाट करत असेल, तर बोलणारा कितीही ठणठणीत असून उपयोग नाही.

इथले बहुतेक रिमोट ३१५ किंवा ३९० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. ओपनरच्या खालून किंवा मागून एक बारीक वायर लोंबत असते, साधारण वीतभर. पुष्कळांना ती तुटलेली वायर वाटते. तो अँटेना आहे आणि तिची लांबी मापून ठेवलेली असते. ३१५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ९५ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग म्हणजे २४ सेंटिमीटरच्या आसपास. ३९० ला तोच चौथा भाग १९ सेंटिमीटर होतो. ही वायर कापू नका, गुंडाळू नका, लोखंडी पट्टीला चिकटवू नका. सरळ खाली लोंबू द्या. कधीकधी सामान वर ठेवताना ती ओपनरच्या पाठीमागे दुमडली जाते आणि तेवढ्यानेही अंतर निम्मं होतं.

आता बल्ब. जुना तारेचा बल्ब म्हणजे फक्त तापणारी तार, त्याच्यातून रेडिओचा गोंगाट होत नाही. एलईडी बल्बच्या बुडात मात्र एक छोटं सर्किट असतं. घरातली वीज एलईडीला चालेल अशी करण्यासाठी ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. या झटपट चालू-बंद होण्यातून रेडिओ लहरींचा कचरा बाहेर पडतो. चांगल्या बल्बमध्ये तो गाळायचे भाग असतात, स्वस्त बल्बमध्ये तेच वाचवलेले असतात. कचरा नेमका ३१५ किंवा ३९० च्या आसपास पडला की ओपनरला रिमोटचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. जवळ गेलात की आवाज मोठा होतो आणि ऐकू येतो. म्हणूनच रिमोट अजिबात न चालणं आणि फक्त जवळून चालणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. फक्त जवळून चालत असेल तर बहुधा सेल, गोंगाट किंवा दुमडलेली अँटेनाची वायर, या तिघांपैकी एक.

अमेरिकेत २०२३ च्या ऑगस्टपासून दर वॅटला किमान ४५ ल्युमेन प्रकाश न देणारे घरगुती बल्ब विकायला बंदी झाली. साधे तारेचे बल्ब त्यातच दुकानांतून गेले. त्यामुळे ज्यांच्या ओपनरमध्ये वर्षानुवर्षं तारेचा बल्ब होता, त्यांनी तो उडाल्यावर हाताला लागेल तो एलईडी लावला. ओपनरमधला बल्ब अँटेनापासून जेमतेम वीत-दोन वीत अंतरावर असतो. बाहेरच्या भिंतीवरच्या दिव्याचं एवढं होतं, तर कानाला लावलेल्या भोंग्याचं काय होईल?

या आतल्या बल्बची खूण फार स्पष्ट आहे. गाडी घेऊन येता, दार पहिल्याच दाबण्यात उघडतं, कारण तोपर्यंत बल्ब बंद असतो. दार उघडताच बल्ब लागतो. आता दार बंद करायला रिमोट दाबा, काही होत नाही. पाचेक मिनिटं थांबून दाबा, होतं. पुष्कळ ओपनरमध्ये हा बल्ब साडेचार मिनिटांनी आपोआप विझतो. तो विझल्यावर रिमोट चालत असेल तर गुन्हेगार तोच, आणखी काही शोधू नका. आमच्याकडे बाहेरचे दिवे बदलल्यावर हा दुसरा चोर सापडला. बाहेरच्यांच्या गोंगाटात तो लपून बसला होता.

बाबांनी यातही एक भर घातली. त्यांच्याकडे हातात मावेल असा एक ट्रान्झिस्टर आहे, प्रवासात सोबत असतो. तो एएमवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि प्रत्येक दिव्याखाली धरला. बाहेरच्या डाव्या दिव्याखाली अशी खरखर झाली की आतून सगळे काय झालं बघायला आले. उजव्याखाली अगदी थोडी. एएमवर खरखर आली म्हणजे ३१५ मेगाहर्ट्झवरही त्रास होईलच असं नाही, त्या दोन पट्ट्या एकमेकींपासून फार लांब आहेत. पण संशयितांची यादी करायला ही युक्ती छान आहे. ट्रान्झिस्टर नसेल तर ब्रेकर, म्हणजे विजेच्या एकेका लाइनचे मेन पेटीतले स्विच, वापरा. ओपनरचा तेवढा ब्रेकर चालू ठेवून बाकीचे बंद करा, रिमोट लांबून चालतो का बघा, मग एकेक ब्रेकर वर करत पुन्हा तपासा. ज्या ब्रेकरनंतर अंतर घटतं, त्या लाइनवर गुन्हेगार आहे. आमच्या शेजारच्या काकांकडे या पद्धतीने गराजमधल्या एलईडी ट्यूबचा छडा लागला. बल्बशिवाय सुरक्षा कॅमेऱ्याचे अडॅप्टर, स्वस्त यूएसबी चार्जर, गाडीतला डॅशकॅम, असं कुठलंही छोटं स्विचिंगचं यंत्र हा त्रास देऊ शकतं. गाडीतली वस्तू असेल तर ती घरच्या ब्रेकरला सापडणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

उपाय साधा आहे. गराजच्या ओपनरसाठी म्हणून वेगळे एलईडी बल्ब मिळतात, त्यांच्या खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. आतल्या दिव्यासाठी तेच घ्या आणि ओपनरवर छापलेल्या वॅटच्या मर्यादेत राहा. बाहेरच्या दिव्यांसाठी मी दुसऱ्या कंपनीचे दोन बल्ब आणले, आधी एकच लावून पावलं मोजली, मग दुसरा लावला. पहिल्या खेपेचा एक बल्ब परत करावा लागला. पावती जपून ठेवा.

दिव्यांचा संबंध नसेल तर

सगळ्यांचं दुखणं दिव्यांचंच असेल असं नाही. दिवसाढवळ्याही रिमोट चालत नसेल तर आधी गराजच्या आत भिंतीवर असलेलं बटण दाबा. त्याने दार चाललं तर मोटर आणि वीज ठीक आहे. त्यानेही चाललं नाही तर रिमोट बाजूला ठेवा आणि ओपनरचा प्लग बघा. गराजमधल्या पुष्कळ प्लगना टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असतात. पावसाळी हवेत किंवा दुसरं काही यंत्र लावल्यावर ती वीज तोडतात. रिसेट दाबलं की झालं. कधीकधी हे बटण त्याच लाइनवरच्या भलत्याच प्लगवर असतं, मोठ्या फ्रीजमागे लपलेलं.

भिंतीवरच्या बटणाने दार चालतं, पण घरातले सगळे रिमोट एकाच दिवशी बंद पडले? मग भिंतीवरचं ते बटण ज्या पाटीवर असतं तिच्यावर कुलपाचं चित्र किंवा ‘लॉक’ असं लिहिलेलं बटण आहे का बघा. गावाला जाताना रिमोट बंद ठेवण्यासाठी ती सोय असते. झाडू टेकवला गेला, मुलाने दाबून धरलं, की सगळे रिमोट मुके होतात आणि पाटीवरचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. तेच बटण काही सेकंद पुन्हा दाबून धरलं की कुलूप निघतं. हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. ओळखीच्या एका कुटुंबाने यापायी दोन नवे रिमोट विकत घेतले होते.

एकच रिमोट बंद आणि गाडीत बसवलेली बटणं किंवा दुसरा रिमोट चालू, असं असेल तर तो रिमोटच बघायचा. आता सेल. नव्या रिमोटमध्ये बहुधा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, जुन्यात बोटाच्या पेराएवढा बारा व्होल्टचा. मीटर असेल तर मोजा, पण नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. जुना सेल बटण न दाबता मोजला तर २.९ दाखवतो आणि बटण दाबताच मान टाकतो. कडाक्याच्या थंडीत हे जास्त होतं, तेव्हा रात्रभर गाडीत राहिलेला रिमोट खिशात पाच मिनिटं ऊबेला ठेवून बघा. चालला तर सेल म्हातारा झालाय. रिमोटवरचा छोटा दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असंही समजू नका. तेवढा दिवा लावायला फार थोडी वीज लागते.

नवा सेल घातल्यावरही रिमोट मुका असेल तर सेल पुन्हा काढून बघा. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप दिलेला असतो आणि तो नेमका पत्र्याच्या जिभेखाली आला तर वीज नीट पोचत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की काम होतं. आणि हे सेल खरंच मुलांपासून लांब ठेवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. मुलाने सेल गिळला असं नुसतं वाटलं तरी वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

रिमोट आणि ओपनर यांची ओळख कधीकधी पुसली जाते. नवे ओपनर दर वेळी बदलणारा कोड वापरतात. दोघांकडे एकच मोजणी चाललेली असते. मुलांनी घराच्या आत, ओपनरपासून लांब, रिमोट खेळण्यासारखा शंभरदा दाबला तर रिमोटची मोजणी पुढे पळते आणि ओपनर मागे राहतो. लागोपाठ दोन-तीनदा दाबून बघा, पुष्कळदा ते जुळतं. नाही जुळलं तर नव्याने ओळख करून द्यायची. ओपनरवर ‘लर्न’चं बटण असतं, ते एकदा दाबून सोडायचं, शेजारचा दिवा लागतो, आणि तीस सेकंदांच्या आत रिमोटचं हवं ते बटण दाबायचं. ओपनरचा बल्ब लुकलुकला किंवा टक-टक आवाज आला की झालं. पण लर्नचं बटण दाबून धरू नका. सहाएक सेकंद दाबलं की ओपनर सगळेच रिमोट विसरतो, आकडे दाबून दार उघडायची पाटी बाहेर असेल तर तिचाही कोड जातो. रिमोट चोरीला गेला असेल तर मात्र हेच मुद्दाम करा.

दुसरा रिमोट विकत घ्यायचा झाला तर या लर्न बटणाचा रंग बघून मग दुकानात जा. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या एकाच घरातल्या ओपनरवर पिवळं बटण म्हणजे २०११ नंतरची पद्धत, जी ३१०, ३१५ आणि ३९० अशा तिन्ही ठिकाणी बोलते. जांभळं म्हणजे ३१५. लाल किंवा नारिंगी म्हणजे ३९०. रंग न बघता आणलेला रिमोट दिसायला तसाच असतो आणि जन्मात जुळत नाही.

तीन ठिकाणी बोलण्याची सोय उगाच नाही केलेली. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्टीत आपले नवे रेडिओ सुरू केले आणि काही तळांजवळच्या गावांत घरोघरच्या रिमोटची ताकद एकाएकी खचली. ती पट्टी पहिल्यापासून सरकारचीच होती, गराजचे रिमोट तिथे कमी ताकदीवर, दुसऱ्याच्या जागेत बसल्यासारखे चालत होते. तुमचं घर तळाजवळ असेल, लर्नचं बटण लाल-नारिंगी असेल आणि आसपासच्या सगळ्यांचीच तक्रार असेल, तर घरातले बल्ब काढत बसू नका. ३१५ वर चालणारा वेगळा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचं ऐकणारा भाग, बसवणं हाच उपाय.

आणि रिमोट उघडल्यावर आत आठ, दहा किंवा बारा छोट्या खटक्यांची रांग दिसली तर तुमचा ओपनर फार जुना आहे. त्याचा कोड कायम एकच राहतो. सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकाने २०१५ मध्ये मुलांच्या खेळण्यातलं एक यंत्र वापरून असे कोड दहा सेकंदांच्या आत शोधून दाखवले होते. अशा ओपनरचा रिमोट दुरुस्त करण्यात पैसे घालू नका, ओपनरच बदला. इथे मी काटकसरीच्या बाजूने नाही. त्या दारातून थेट घरात येता येतं.

वीज कडाडल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून एकही रिमोट जुळत नसेल आणि भिंतीवरचं बटण मात्र चालत असेल, तर ओपनरच्या बोर्डावरचा ऐकणारा भाग गेलेला असू शकतो. लर्नचं बटण पिवळं नसलेल्या जुन्या ओपनरवर बाहेरून एक छोटा रिसीव्हर जोडता येतो. भिंतीवरच्या बटणाच्या तारा ओपनरला जिथे जोडलेल्या असतात, तिथेच त्यांच्यासोबत त्याच्या दोन तारा लावायच्या. अख्ख्या बोर्डापेक्षा तो बराच स्वस्त पडतो.

उघडतं, पण बंद होत नाही

ही तक्रार रिमोटची म्हणून येते आणि बहुधा नसते. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन छोटे डोळे, म्हणजे सेन्सर, समोरासमोर बसवलेले असतात. १९९३ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना दाराखाली मूल किंवा माणूस अडकू नये म्हणून अशी सोय सक्तीची आहे. मधे काही आलं, डोळा सरकला, कोळ्याने जाळं विणलं, तर दार रिमोटने उघडतं पण बंद व्हायला नकार देतं. ओपनरचा बल्ब लुकलुकतो. म्हणजे त्याने रिमोटचं ऐकलेलं असतं, तो मुद्दाम थांबलेला असतो. गोंगाटाच्या वेळी असं काहीच होत नाही, तो नुसता गप्प राहतो. हा फरक ओळखायला शिका. भिंतीवरचं बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरल्यावरच ते बंद होत असेल, तर दोष डोळ्यांचाच.

दार पश्चिमेकडे असेल तर उतरतं ऊन थेट एका डोळ्यात शिरतं आणि रोज ठरावीक वेळी दार अडतं. हेही पुन्हा वेळेचंच कोडं. दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करा, म्हणजे प्रकाश घेणारा डोळा सावलीच्या बाजूला जाईल. नाहीतर पुठ्ठ्याची छोटी नळी करून त्याच्यावर बसवा. डोळ्यांना तारा एकत्र बांधून कायमचं फसवायचे उपाय लोक सांगतात. ते कृपा करून करू नका. घरात मुलं असोत की नसोत.

दुरुस्तीच्या नादात दाराच्या वरच्या आडव्या दांड्यावरच्या जाड स्प्रिंगला हात लावू नका. दोन गाड्यांचं दार दीडशे-दोनशे पौंडांचं असतं आणि त्याचं वजन त्या स्प्रिंगने ताणून धरलेलं असतं. तिचं आयुष्य साधारण दहा हजार वेळा उघडमीट एवढं धरतात. ती तुटली असेल तर कारागीरच बोलवा. ओपनरची लाल दोरी ओढायची वेळ आली तर दार पूर्ण बंद असतानाच ओढा. अर्धवट उघड्या दाराची स्प्रिंग गेलेली असेल तर दोरी ओढताच दार खाली कोसळतं.

मिरजेच्या गेटचं

बाबा परत गेल्यावर जुलैमध्ये त्यांचा फोन आला. तिथल्या बंगल्याला सरकतं गेट आहे, मोटरवर चालतं, आणि त्याचा रिमोट बंद पडला होता. म्हणाले, “इथे तर बाहेर एलईडी दिवाही नाही रे, आता काय बघू?” इकडून रिमोट पाठवू का, असं माझ्या तोंडात आलं होतं. तसं कोणी करू नका. भारतात गेटचे रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, इथला ३१५ चा रिमोट तिथल्या गेटला ऐकूच येणार नाही.

मी त्यांना आधी मोटरचा मेन स्विच बंद करायला सांगितलं आणि मग फोनवरूनच मोटरशेजारची कंट्रोलची पेटी उघडून घेतली. आत मुंग्यांनी माती आणून ठेवली होती, ती त्यांनी कोरड्या ब्रशने झाडली. पावसात असं होतंच. तारा आत शिरतात ती भोकं सिलिकॉनने बुजवून घ्या, मुंग्या आणि पाली दोन्ही थांबतात. मेन सुरू केल्यावर रिमोट चालू झाला, पण गेटला हात लावता येईल एवढ्या जवळूनच. मग त्यांना विचारलं, “बाबा, पेटीत एखादी सुटी वायर दिसते का, दुसऱ्या टोकाला कशालाच न जोडलेली?” ती सापडली. बसवणाऱ्याने नीटनेटकं दिसावं म्हणून तिचं वेटोळं करून लोखंडी पेटीच्या आत कोंबलं होतं. ४३३ मेगाहर्ट्झचा चौथा भाग सतरा सेंटिमीटर, त्याच मापाची ती वायर होती. मेन पुन्हा बंद करून त्यांनी ती सरळ केली, पेटीला एक भोक पाडून घेतलं आणि ती खालच्या अंगाने बाहेर काढली. खालच्या अंगाने, म्हणजे तिच्यावरून पाणी आत उतरत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीच्या तोंडापासून गेटपर्यंत पावलं मोजली आणि आकडा मला कळवला. बेचाळीस.